दुखवट्याच्या फळ्या

बुहेरा,
मका खुडून झाल्यावरचा रविवार

प्रिय फारिराई,

यंदा मका बरा झाला. कणगी गळ्यापर्यंत भरली आहे आणि शेतात उरलेल्या ताटांत दिवसभर वारा कुजबुजत असतो. मी अंगणात मुसासाच्या झाडाच्या सावलीत स्टूल टाकून हे लिहितोय. समोर डोंगर निळे दिसतायत. पाचवीच्या वर्गाला निळ्या डोंगरांवर दहा ओळी लिहायला सांगितल्या की तू तीनच लिहायचास आणि चौथ्या ओळीत भूक लागली म्हणून लिहायचास, ते आठवून मघाशी एकटाच हसलो.

आपली नोट मेली ही बातमी मला रेडिओने दिली नाही, मुरांबिंडाच्या बाजारातल्या भाजीवालीने दिली. मी टोमॅटोसाठी नोटांचा गठ्ठा पुढे केला, तर ती म्हणाली, आजोबा, हे घरी न्या, चूल पेटवायला बरं पडेल. आयुष्यभर पोरांना एकं, दहं, शतं शिकवलं. अब्ज, खर्व, निखर्व हे पुराणातले आकडे आहेत, ते कशाला पाठ करायचे, असं कोणी विचारलं तर मी फळा पुसायला लागे. गेल्या वर्षी एकेका नोटेवर ते सगळे उतरले आणि त्यांत एक पाव येईना. पेन्शन आणायला बँकेपर्यंत जायचं भाडं पेन्शनपेक्षा जास्त, म्हणून मी पेन्शन तिथेच राहू दिली. आता दुकानात शेजाऱ्यांचे रँड चालतात, अमेरिकेचे डॉलर चालतात. आपल्या घरात आपण पाहुणे झालो, पण चूल आपलीच आहे.

ऑगस्टात, कोरडे दिवस आहेत तोवर, तुझ्या आईच्या आत्म्याला विधी करून घरी आणायचं आहे. तोवर तिला जाऊन वर्ष होत येईल, तिने अजून किती दिवस रानात फिरायचं? विधीच्या बियरसाठी नाचणी भिजत घालायची तर म्हाताऱ्या बायकांना आधी सांगावं लागेल. पण त्याआधी ती गेली तेव्हाचं तुला नीट सांगायला हवं, कारण तुझ्या कानावर भलतंच गेलंय. जोहान्सबर्गला गावाच्या बातम्या पोचतात, गाव पोचत नाही. फारिराईच्या आईला मोडक्यातोडक्या फळ्यांत घालून भिकारणीसारखं पुरलं, असं तुला कोणीतरी सांगितलं. सांगणाऱ्याने फळ्या पाहिल्या हे खरं. बाकीचं त्याला दिसलं नाही.

तुझी आई मर्तिकाच्या भिशीत तुझ्या जन्माआधीपासून होती. घरात मक्याची साड्झा एकाच वेळेला शिजत असली तरी भिशीचे पैसे रुमालाच्या गाठीला बांधलेले असत. मला म्हणायची, मास्तर, जगण्याचं मी बघते, मेल्यावरचं भिशी बघेल, तुम्ही तेवढ्या कविता म्हणा. तिच्या तरुणपणी, स्वातंत्र्याच्या लढाईच्या दिवसांत, तिच्या मावशीला घोंगडीत गुंडाळून पुरलेलं तिने पाहिलं होतं. ती घोंगडी तिच्या डोळ्यांपुढून कधी गेली नाही. आणि मग गेल्या हिवाळ्यात भिशीच्या प्रमुख बाई डोक्यावर पिशवी घेऊन आल्या, अंगणात बसल्या आणि रडायला लागल्या. पिशवीत सगळ्या बायकांची सगळी वर्षं होती, आणि त्यांच्या दोन मेणबत्त्या येत होत्या. दुधाच्या पिशवीवर असते तशी त्या नोटांवर मुदत छापलेली, तीही उलटून गेलेली. तुझ्या आईने त्यांना चहा दिला. साखर नव्हती, तुझ्या आईला मधुमेहामुळे ती तशीही चालत नव्हती. बाई गेल्यावर म्हणाली, भिशी माझ्याआधीच मेली की.

तोवर तिच्या पायाची जखम चिघळली होती. दवाखान्यात भिंती होत्या आणि एक नर्स होती. नर्स पगाराशिवाय रोज चालत यायची, जखम धुवायची आणि औषध नाही म्हणून माफी मागायची. एका दुपारी तुझ्या आईने मला जवळ बसवून घेतलं. आयुष्यात तिने माझ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं, लग्नानंतर एकदा आरसा मागितला होता तेवढाच.

"मला पेटी हवी," ती म्हणाली. "झाकण असलेली. खिळे दिसले तरी चालतील. घोंगडीत घातलंत, तर परत येऊन तुमच्या चुलीवर बसेन, सांगून ठेवते."

दुसऱ्याच दिवशी कोंबडी काखोटीला मारून मी मुरांबिंडाची बस धरली. कंडक्टरने भाडं म्हणून कोंबडी घेतली आणि सुटे म्हणून दोन अंडी दिली. बरोबर हिशेब केलास, असं म्हणून मी त्याची पाठ थोपटली. तो माझाच विद्यार्थी निघाला. पेटीवाल्याला मात्र रँड हवे होते, नाहीतर पेट्रोल. मी शेळ्या देतो म्हणालो. तो वैतागून म्हणाला, मास्तर, आधीच कळप झालाय माझ्याकडे, त्यांना काय पेट्या चारू? मी हात हलवत परत आलो. पाऊस यायच्या आधी, हाचाची रानफळं टपटप गळत होती, सगळं गाव ती शिजवून खात होतं, अशा एका भर दुपारी ती गेली.

आणि मग झिवानाई आला. आपल्या घराण्याचा सहविरा तो, मढ्याची थट्टा करणं हा त्याचा हक्क आणि मढं नीट पुरणं हे त्याचं काम. आल्या आल्या त्याने तुझ्या आईचा एप्रन चढवला, तिचा रुमाल डोक्याला बांधला आणि तिच्यासारखाच एक पाय ओढत अंगणभर फिरायला लागला. याचा सदरा का मळका, तो लग्नात किती प्यायला होता, सगळ्यांना तिच्या आवाजात दम भरला. रडणाऱ्या बायका हसायला लागल्या आणि हसता हसता पुन्हा रडायला लागल्या. मग त्याने दुखवट्याचे पैसे घालायचं लाकडी ताट दारात ठेवलं. तेवढ्यात मुखिया आले. जुनं वळण, त्यांनी दोन्ही हातांनी नोटांचं पुडकं ताटात ठेवलं. झिवानाईने ते काठीने उचललं, साप उचलावा तसं, आणि कुंपणाबाहेर टाकलं.

"मुखियाजी," तो तुझ्या आईच्या आवाजात म्हणाला, "ह्या कागदांनी माझी भिशी खाल्ली. माझ्या दारात ते आणायचे नाहीत. मला पेटी हवी आहे. ज्याच्या घरात फळी असेल त्याने फळी आणा. नोट आणेल त्याला माझ्याबरोबर खड्ड्यात घेईन."

मुखिया वळले आणि निघून गेले. मला वाटलं, रागावले. थोड्या वेळाने ते आपल्या बैलगाडीची बाजूची फळी खांद्यावर घेऊन परत आले, निळ्या रंगाची, तू जिच्यावर बसून बाजाराला जायचास ती. मग रांग लागली, बाळा. तुझ्या आईशी बांधावरून आयुष्यभर भांडलेल्या शेजारणीने कणगीचं दार उखडून आणलं आणि म्हणाली, उंदरांना आता मोकळं रान, पण हिला तरी थंडी नको वाजायला. चर्चमधून बाक आला. कोणी पलंगाची उशाकडची बाजू आणली. शिक्षक निघून गेल्याने शाळा बंद होती, तिथून एका बाकाची फळी आली. तिच्यावर पेन्सिलीने कोरलेली नावं होती, ती सगळी माझी पोरं. खिळे विकत मिळत नव्हते, तेव्हा बायकांनी जुन्या कुंपणातून वाकडे खिळे काढले आणि दगडावर ठोकून सरळ केले. सगळ्या अंगणात तोच ठणठण आवाज. मला शाळेच्या, चर्चच्या, कुठल्याच घंटेचा आवाज कधी एवढा सुरेल वाटला नाही.

तोंगाई सुताराने संध्याकाळच्या आत पेटी उभी केली. पाच रंगांची, चार जातींच्या लाकडांची, आणि झाकण असलेली. मी त्याला विचारलं, तुला काय देऊ? तो रंधा पुसत म्हणाला, मास्तर, मला काही नको, फक्त माझी पेटी कोण बनवणार तेवढं ठरवून ठेवा. म्हणून आता दर शनिवारी मी त्याच्याकडे रंधा धरायला शिकायला जातो. माझे हात खडूला सरावलेले, लाकूड वाकडंच निघतं. तो म्हणतो, एवढ्या वाकड्या पेटीत मी मावणार नाही, आणखी काही वर्षं जगावं लागेल.

तिला खाली उतरवताना खड्डा खणणारे सगळे माझे जुने विद्यार्थी होते, कोणाचे केस पिकलेले, कोणाला नातवंडं झालेली. मी त्यांना काही म्हणा म्हणालो नव्हतो. त्यांनीच फावडी टेकवून, वर्गात उभे राहायचे तसे उभे राहून, मी एकेकाळी त्यांच्यासाठी रचलेलं गाणं म्हटलं:

नदी म्हणाली डोंगराला, निघाले मी दूर,
ढगात बसून परत येईन, नको लावू हुरहूर.

तुझ्या आईला हे गाणं कधी आवडलं नाही. नदी असं बोलत नाही, म्हणायची. पण त्या दिवशी तिला उठून सांगता आलं नाही.

ज्याने तुला फळ्यांची गोष्ट सांगितली, त्याला त्यात दारिद्र्य दिसलं. मी रोज तिच्याकडे जाऊन येतो आणि मला उलटं वाटतं. गावातल्या कुठल्याच बाईला एवढ्या घरांनी कुशीत घेतलेलं मी पाहिलं नाही. भिशीही पुन्हा सुरू झालीय. आता तिच्यात नोट चालत नाही, रँडही नाही. वर्षाला एक फळी आणि एक मापटं नाचणी. फळ्या बायकांनी भिशीच्या बाईंच्या आढ्यावर रचून ठेवल्यात. त्यांना मुदत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. गेल्या आठवड्यात बसच्या ड्रायव्हरने तुझं पाकीट आणून दिलं. तू लिहिलंस, हे रँड घ्या, आईला बाहेर काढून चकचकीत पेटीत ठेवा, वर गुळगुळीत दगडाचं थडगं बांधा, आणि ऑगस्टात माझ्याऐवजी चुलतभावाला उभं करा, त्याचे काय ते मी देईन. बाळा, हे पत्र आणि ते पैसे त्याच ड्रायव्हरबरोबर परत येतायत. तिला कोणी बाहेर काढणार नाही. बियर बायका गाळतील, बैल झिवानाई आणेल, पण थडग्यापाशी उभं राहून "आई, घरी चल" ही हाक थोरल्या मुलानेच मारायची असते. भाड्याने हाक मिळते का, असं मी झिवानाईला विचारलं, तर तो हसत सुटला. मला ठाऊक आहे, तुझ्याकडे कागद नाहीत, सीमा ओलांडून आलास तर परत जाता येईलच असं नाही. मी हे विसरून लिहीत नाहीये. नाहीच जाता आलं, तर इथे मका आहे, जमीन आहे, आणि पैशाशिवाय दिवस काढायला शिकलेलं आख्खं गाव आहे. आम्हाला संपवायला निघालेलं ते वर्ष आमच्याआधी संपलं. नाचणी मी भिजत घालायला सांगतोय. त्या पैशांचं तिकीट काढ आणि ये.

वाट बघणारा,
तुझाच,
बाबा