वळणाची रांग

सोमवार, ३ तारीख.
आलो एकदाचे. माझ्या इंजिनिअर लेकाने बंद पडलेल्या कत्तलखान्याचं बसस्थानक केलंय. मोडायचं काही नाही, जुनंच वापरायचं, म्हणजे खर्च वाचतो. मलाही बहुधा त्याच हिशेबाने सोबत आणलं असावं. छताच्या रुळावरचे मांस टांगायचे आकडे पिवळ्या रंगाने रंगवलेत, आता पाट्या टांगायला. जनावरं आत न्यायची उंच भिंतींची वाकडी वाट आता तिकिटाची रांग. आमची खोली वरती. खिडकीतून सगळं दिसतं. जिना एकच, तोही त्या वाटेतच उतरतो. दुसरा वाचवला म्हणून साहेब खूश. मी बोलते, नात लिहिते. चुका तिच्या, शहाणपण माझं.

गुरुवार, ६.
फरशी पुसणारा म्हातारा इथलाच जुना कामगार. वाट वाकडी का, विचारलं. म्हणाला, जनावराला पुढच्याची पाठच दिसावी, म्हणजे ते बिचकत नाही. एखादं उलटं वळलं, मागच्याच्या तोंडाला तोंड आलं, की अख्खी रांग अडायची. मग आधी त्या उलट्यालाच कापायला घ्यायचे. मी म्हटलं, म्हणजे माझा नंबर पहिला. तो हसला नाही.

सोमवार, १०.
आज स्थानक सुरू. दहाला कत्तलखान्याचा जुना भोंगा वाजला. लेक म्हणतो, त्याची तार कधीच कापलीय. रांग एकदम गप्प. ढकलाढकली नाही, कुरकुर नाही. माणसांची एवढी शहाणी रांग मी जन्मात पाहिली नव्हती. लाल पिशवीवाला जाडा वळणाआड गेला. पलीकडे पिशवीच आली, आकड्याला लटकून.

मंगळवार, ११.
म्हाताऱ्याने गटाराची जाळी उचलली. खाली बोटं. एकात अंगठी. लेक म्हणतो, उद्या ते वळणच फोडतो. मी नको म्हटलं. माझं त्याने कधी ऐकलंय?

बुधवार, १२.
घण घेऊन गेला. भोंगा. घणाचे दोन-तीन ठोके, मग—
रुळावरून आला. उलटा. घोट्यात आकडा. गळ्यापासून पोटापर्यंत एकच चीर. माझ्या पोटचा—
खालच्यांच्या केसांवर थेंब पडत होते. कोणी वर पाहिलं नाही.
नंतर पोरीला घेऊन जिना उतरले. वाट नुसती वळत राहिली. दार आलंच नाही. परत वर.

गुरुवार, १३.
भोंगा. पोरीचे पाय जिन्याकडे. वेणी धरली, सुटली. वही हातात आहे. मी बोलले की तिचा हात चालतो, पाय अडखळतात. लिही बाळे.
जिना संपला. पुढे पाठीच पाठी—
मी तिच्यापुढे शिरले. उलटी वळून. आता पाठ बघायची नाही, माझं हे बोळकं बघ.
थांबली. मागचेही थांबले. डोळे चोळताहेत. त्यांच्यामागे दार दिसतंय, उघडं.
डोक्यावर रूळ वाजतोय. माझ्या मागे काय आहे ते सांगू नकोस.
लेकाला मी सांगेन, पोरगी शहाणी निघाली, ऐकते.
आता वही टाक, आणि