सशाच्या पाकिटाची मागची बाजू

प्रिय ताई,

‘प्रिय’ लिहून मी जरा वेळ त्या शब्दाकडे बघत बसले. आपल्या दोघींच्या नात्याला मराठीत एकच शब्द आहे आणि तो भांडणाशिवाय कुणी काढत नाही. तेव्हा ताईच बरं. तुम्ही माझ्याहून मोठ्या आहात आणि तुमच्या लेकीच्या बाबतीत तर माझ्या कितीतरी आधीच्या आहात.

आधी खुशाली. भिंगरीचा पुढचा दात एकदाचा पडला. मी दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवते, म्हणून तो तपासायचा मान मला मिळाला. कीड नाही, झकास दात आहे. काड्यापेटीत घालून ती तो तुम्हाला दाखवायला आणणार आहे. पहिल्यांदाच ऐकताय असं दाखवा, नाहीतर माझी काही खैर नाही. पाढे येतात, पण सोळाच्या पाढ्यात अजून गटांगळ्या खाते. बुटांची नाडी बांधायला शिकली आणि आता घरातल्या सगळ्यांच्या नाड्या बांधत सुटली आहे, ज्यांना सोडवायच्या असतात त्यांच्यासुद्धा.

भिंगरीच्या बाबांशी माझं लग्न ठरल्यावर तुम्ही मला भेटायला बोलावलंत ते आठवतं का? मला वाटलं होतं, कुठेतरी चहा होईल, दोन टोमणे होतील. तुम्ही बोलावलंत किराणाच्या मोठ्या दुकानात, आणि नमस्कार व्हायच्या आत ट्रॉली माझ्या हातात दिलीत. पुढची बाजू पोरांसाठी छापतात, मागची आपण वाचायची, असं तुम्ही सांगितलंत. साखरेच्या ओळीवर भुलायचं नाही, एकूण कर्बोदकांची ओळ बघायची, कारण भिंगरीचं इन्सुलिन त्या आकड्यावर ठरतं. तो आकडा किती बिस्किटांचा, किती घोटांचा, तेही बघायचं. घटकांच्या यादीत जे पहिलं तेच सगळ्यात जास्त. मग आंब्याचं चित्र केवढंही असो, आंबा बिचारा शेवटून दुसरा असतो. मी म्हटलं, म्हणजे हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. माझ्या धंद्यातला एवढा एकच विनोद मला येतो. तुम्ही हसला नाहीत, पुढचं पाकीट हातात दिलंत. मला तुमचा राग आला होता आणि मी त्या दिवशी सगळं शिकूनही घेतलं.

आता जरा नावडतं लिहिते. महिनाभर झाला, भिंगरी तुमच्याकडचा आठवडा संपवून आली की तिची साखर चढलेली असते. तुम्हाला वाटतं आम्ही इकडे चोरून लाड करतो. तिच्या बाबांना वाटतं तुम्ही करता, आणि ते फोनवर काय बोलतात ते मला भिंतीपलीकडून ऐकू येतं. परवा मीटर बाहेर काढलं, तर कुणी काही विचारायच्या आतच ती म्हणाली की तिने काहीच खाल्लेलं नाही. आठ वर्षांची पोर आरोपीसारखी बोट पुढे करून उभी होती. ते मला बघवलं नाही.

तुम्ही तिच्या दप्तरात दर वेळी सशाची बिस्किटं देता. तुमच्या हातची यादी आमच्या फडताळाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे, तिच्यात लिहिलंय: चार बिस्किटं, वीस ग्रॅम. एरवी ते पाकीट तिचे बाबा यादी बघून उघडतात; या सोमवारी तिने ते माझ्यासमोर काढलं आणि मी सवयीने उलटं केलं. तिथे चार बिस्किटांना एकोणतीस ग्रॅम लिहिलेले दिसले. मला वाटलं डोळे दगा देतायत, म्हणून कवळ्या तपासायचं भिंग आणलं. एकोणतीसच. ससा तोच, त्याचे कानही तेच, फक्त पोटावर नवी पट्टी: आता साखर कमी, बिस्किट मोठं. खोटं एक अक्षर नाही. साखर खरंच कमी केलीय आणि पीठ वाढवून बिस्किट जाड केलंय. मी दवाखान्यातल्या नर्सबाईंना फोन करून विचारलं, त्यांनीही हिशेब नव्या आकड्यानेच धरायला सांगितला. त्या दिवसापासून तसाच धरते आहे आणि तिची साखर ठिकाणावर आहे.

तुम्हाला ते पाकीट तोंडपाठ आहे, म्हणून तुम्ही ते उलटून बघितलं नसणार. मला काहीच पाठ होत नाही, म्हणून मी दर वेळी बघते. यात माझी हुशारी नाही आणि तुमची हयगय नाही. मागची बाजू कापून या पत्रासोबत ठेवली आहे.

एवढ्यासाठी फोन पुरला असता, हे तुमच्याही मनात आलं असेल. शुक्रवारी समुपदेशक बाईंकडे बैठक आहे. तिथे तिचे बाबा मीटरवरचे आकडे मांडून सांगणार आहेत की तुम्हाला झेपत नाही, भिंगरी कायमची आमच्याकडे राहू दे. हे तुम्हाला माहीत नाही. मी त्यांच्या शेजारी बसून मान हलवायची, एवढंच माझं काम आहे. खरं सांगते ताई, मला ती हवी आहे. ती तुमच्याकडे असते त्या आठवड्यात मला घर खायला उठतं. पाकीट केराच्या डब्यात टाकलं असतं तर ती मला मिळालीही असती. तिने मला दातमावशी म्हणायला सुरुवात केली तेव्हा सासूबाईंनी ती म्हण ऐकवली होती, माय मरो पण मावशी जगो. सगळे हसले, मीही हसले, आणि नंतर मोरीत जाऊन रडले. मावशी म्हणजे आईची बहीण, एवढाच अर्थ मला त्यात हवा आहे. आज संध्याकाळी मी तिच्या बाबांनाही सगळं सांगणार आहे. तरीही ते हट्टाला पेटले, तर शुक्रवारी तुमच्या शेजारची खुर्ची माझ्यासाठी धरून ठेवा. ससा मी घेऊन येते.

तुमचीच,
दातमावशी