रिकामं धनुष्य

सर, पोरीचा उजवा डोळा गेला. अकोल्याच्या डॉक्टरांनी तीन आठवडे वाट पाहिली आणि परवा तिच्या बापाला बाजूला घेऊन सांगून टाकलं. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तेव्हा हे तुम्हाला कळवून काय साधणार, हा प्रश्न मलाही पडला आहे. पण घरात कुणाला सांगता येत नाही, शाळेत तर नाहीच नाही. शिवाय या गोष्टीत तुमचाही हात आहे. मला तुमचा राग आला आहे, आणि मेलेल्या माणसाचा राग आला की तो काढायला जागाच नसते.

मीही तुमच्यासारखीच खेळाची शिक्षिका झाले, मोताळ्याजवळच्या एका शाळेत. तुम्ही आम्हाला बांबूच्या धनुष्यावर शिकवलंत, मीही इतकी वर्षं पोरींना त्याच्यावरच शिकवत आले. ही पोरगी सहावीपासून माझ्याकडे आहे. आता बारावीत. बाप वांगी-मिरची लावतो, थोडा मका करतो. मागच्या वर्षी ती राज्यस्तरावर खेळून आली आणि शाळेला एक कंपाउंड धनुष्य मिळालं. जूनमध्ये खोकं आलं. आम्ही ते उघडलं आणि बघतच राहिलो. दोन टोकांना चाकं, एका दोरीच्या जोडीला आणखी दोन दोऱ्या, मध्ये डोळा लावून पाहायला बारीकसं छिद्र. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, हे धनुष्य आहे का सायकल!

तिला शिकवायचं तर आधी मला यायला हवं, म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा पहिलीत बसले. तुमच्या धनुष्याचा हिशेब सरळ होता. जितकं ओढाल तितकं जड. पूर्ण ओढलं की हात थरथरायचा, म्हणून आपण बाण ओढला की सोडला. हे उलटं. सुरुवातीलाच जड, अर्ध्यावर सगळ्यात जड, आणि मग चाकं फिरली की एकदम हलकं, ओझं कुणीतरी काढून घेतल्यासारखं. तिथे थांबायचं असतं. श्वास बसू द्यायचा, छिद्रातून खूण पाहायची आणि मनगटाच्या पट्ट्याला असलेला चाप इतका सावकाश दाबायचा की बाण कधी सुटला ते आपल्यालाही कळू नये. मला थांबताच येईना. हलकं झालं की मी घाबरून चाप दाबायची आणि बाण डावीकडे मातीत. महिनाभर माझी खांदेदुखी आणि पोरींचं हसू, दोन्ही चालू होतं. ही तर तोंडावर म्हणायची, "मॅडम, तुम्ही बाण नाई सोडून राह्यल्या, लिफ्टचं बटन दाबून राह्यल्या." तिला स्वतःला आठ दिवसांत जमलं. तिच्या हाताच्या मापानं आम्ही पान्यानं चाकं लावून घेतली, तेव्हापासून ते धनुष्य तिचंच झालं. ऑगस्टमध्ये पन्नास मीटरवर तिचे सहाच्या सहा बाण मधल्या पिवळ्या वर्तुळात बसले, त्या दिवशी मी मैदानावर सगळ्यांसमोर रडले.

खोक्यात एक पुस्तिका होती. तिच्यात बाण न लावलेल्या धनुष्याचं चित्र आणि त्यावर लाल फुली. रिकामी दोरी सोडू नका, धनुष्य फुटतं. हे मी पोरींना वाचून दाखवलं, ते पान कपाटाच्या दारावर चिकटवलं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

एकदा तिचा बाप मैदानावर आला. धनुष्य हातात घेऊन उलटंसुलटं करून म्हणाला, "मॅडम, यानं डुक्कर पडन काय? मका ठेवून नाई राह्यले मले." मी म्हटलं, भाऊ, शिकार केली तर डुकराच्या आधी तुम्ही आत जाल. तो हसला. मला मात्र पिंपळगाव राजा गावातलं तुमच्या भावाचं शेत आठवलं. मी पंधरा वर्षांची आहे. तुरीच्या कडेला रोहीचं पिल्लू उभं आहे आणि माझ्या हातात लोखंडी टोकाचा बाण आहे. लागतो का बघू, एवढाच विचार. लागतो. पोटात. पिल्लू पळतं. तुम्ही धावत येता आणि मला वाटतं, आता थोबाडीत बसणार. तुम्ही विचारता, "काऊन मारलं वं?" मी म्हणते, "लागते का पाहाले." तुम्ही म्हणता, "मंग पाह्य. चाल." दुपारभर रक्ताच्या थेंबांमागे तुम्ही मला चालवलंत. नाल्यात ते सापडलं, जिवंत होतं. तुम्ही मला त्याच्या डोक्याशी बसवलंत आणि म्हणालात, "त्याचा जीव जाईलोक उठाचं नाई." सूर्य मावळायच्या जरा आधी ते मेलं. मी त्यानंतर कुठल्याही जनावरावर बाण रोखला नाही.

ते शिकवलंत, आणि खंडेनवमीचंही तुम्हीच शिकवलंत. सगळी धनुष्यं ओळीनं मांडायची, हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि मग प्रत्येकानं आपलं धनुष्य उचलून रिकामी दोरी ओढून सोडायची. टण्ण. धनुष्य बोललं पाहिजे, म्हणायचात. वर्षातून एकदा जे बोललं नाही, ते आपलं नाही. आम्हाला ते फार आवडायचं. बांबूला त्यानं काही होत नसे. मी शिक्षिका झाल्यावर पहिल्याच वर्षी हे सुरू केलं आणि एकही वर्ष चुकवलं नाही.

या वर्षी अठरा पोरी ओळीत उभ्या होत्या. सतरा धनुष्यं बोलली. शेवटी हिची पाळी. तिनं उचललं, त्याच्यावरचं फूल कानामागे खोचलं आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "मॅडम, हे पन?" तिला पान आठवत होतं, सर. मलाही आठवत होतं. पण सगळ्या पोरी बघत होत्या, ते धनुष्य शाळेचा मान होतं, आणि तेवढंच एक मुकं ठेवायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हटलं, "थोडंच ओढ. अर्धं." थोडं ओढलं की जोर थोडा, हा माझ्या बांबूच्या हाताचा हिशेब. महिनाभर ज्या धनुष्यानं माझे खांदे दुखवले, त्याचं अर्ध्यावर सगळं वजन असतं, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातच आलं नाही. चाप न लावता तिनं नुसत्या बोटांनी ओढलं. अर्ध्यावर बोटं निसटली. आवाज टण्ण असा आलाच नाही, फटाका फुटल्यासारखा आला. वरचं पातं फुटलं आणि त्याची कपची उडाली.

आमचं बोलणं दुसऱ्या कुणी ऐकलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी चौकशीत विचारलं, सूचना दिल्या होत्या का? मी म्हटलं, दिल्या होत्या. कपाटावरच्या पानाचा फोटो काढून कागदाला जोडला. विद्यार्थिनीच्या अनवधानानं, असं लिहिलं गेलं आणि खाली मी सही केली. त्यातलं माझं एकही वाक्य खोटं नव्हतं. स्पष्ट सांगते, मला नोकरीची भीती वाटली. आणि त्याहून जास्त भीती वाटली ती त्या अठरा घरांची, जी आपल्या पोरी बिनधास्त माझ्या हवाली करतात.

काल तिच्या घरी गेले. रस्ताभर ठरवत होते की दारातच सांगून टाकायचं. तिच्या आईनं खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला. बाप हात जोडून म्हणाला, "मॅडम, तुम्ही काऊन मनाले लावून घेता? तिनं सांगतलं आमाले. तुम्ही नाई म्हणलं होतं, इनंच ओढलं." मी तिच्याकडे पाहिलं. ती खाटेवर बसली होती, अर्ध्या तोंडावर पट्टी, आणि उरलेल्या एका डोळ्यानं माझ्याकडे सरळ बघत होती. त्या नजरेत रागही नव्हता. तिनं हे माझ्यासाठी केलं होतं, आणि मी काय करते ते ती बघत होती. मग म्हणाली, "हाव मॅडम. मीच विसरली."

तुम्ही असतात तर मला मानगूट धरून तिच्यासमोर बसवलं असतं. आता तसं कुणी नाही, आणि आपणहून बसायची माझी हिंमत झाली नाही. हे पत्र तर कुठे टाकायचीही सोय नाही, आणि असती तरी मी टाकलं नसतं, कारण शेवटचं एक तुम्हाला सांगायचीही लाज वाटते.

मी नुसती गप्प बसले नाही, सर. चहाचा कप खाली ठेवला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिच्या आईबापादेखत म्हणाले, "सांगितलेलं ऐकायचं असतं, बाळा."

ती "हो मॅडम" म्हणाली.