जमीन कशी आहे?

प्रिय जार्लथ,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलंय, उगीच हुरळून जाऊ नकोस. रविवारी दोन बस बदलून तुला बघायला हॉस्पिटलात आले, तर तू भिंतीकडे तोंड करून पडलेला. पाऊण तास मी एकटीच बडबडले, गावातल्या झाडून सगळ्यांची उणीदुणी काढून झाली, आणि तू बोललास काय, तर "डिलिया, तुझी बस चुकेल." एवढंच! म्हणून आता लिहितेय. भिंतीकडे उजेड नसतो, वाचायचं म्हटलं तर कूस बदलावीच लागेल तुला. बदललीस? शाबास. चष्मा उशीखाली असेल बघ.

परवा शनिवारी आपल्या किलबारनच्या शर्यती. दरवर्षी आदल्या गुरुवारी तू, मी आणि माझा मॅटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेपर पसरून बसायचो आणि सहाही शर्यतींचे घोडे निवडायचो. ज्याचे घोडे सगळ्यात कमी जिंकतील त्यानं शर्यतींनंतर माझ्याकडची भांडी घासायची. आज टेबलापाशी मी आणि मांजर. मांजराला घोड्यातलं काही कळत नाही, पण ते तुझ्यासारखं तोंड पाडून तरी बसत नाही. तेव्हा यंदाचे घोडे मी एकटी निवडते, तू चुका काढ.

आता तू म्हणणार, "आधी जमीन सांग, मग घोडा सांग." माहितीय रे बाबा, तीस वर्षं तेच ऐकलंय. शर्यतींच्या आधी काठी घेऊन मैदानभर फिरायचं, मधेच काठी रोवायची, टाच दाबायची, आणि सगळ्या गावानं तुझ्या तोंडाकडे बघायचं: कडक, चांगली, नमती, मऊ की जड? यंदा ते काम कमिटीनं एका यंत्रवाल्याला दिलंय. टोचलं की आकडा दाखवतं म्हणे. माझा नाही बाई त्या आकड्यावर विश्वास. तू पडलास तेव्हा तुझी काठी फाटकापाशी राहिली होती, ती मी घरी आणून ठेवलीय. काल ती घेऊन मी स्वतः अख्खं मैदान फिरले. यंत्रवाला लांबून ओरडला, "ओ आजी, कुठे निघालात?" मी म्हटलं, "जार्लथची काठी फिरवून आणते, घरात बसून कंटाळलीय बिचारी." तर जमीन मला ठाऊक आहे. पण सांगणार नाही. सगळ्यात शेवटी सांगीन. तळमळ जरा. अक्कल शाबूत असेल तर माझ्या घोड्यांवरून ओळख.

पहिली शर्यत नवशिक्यांची, बुटक्या अडथळ्यांवरून. पेपरवाले सगळे ब्रास बटनच्या मागे लागलेत. देखणा आहे, नाही म्हणत नाही, बँकेच्या साहेबासारखा चकाचक. पण अडथळा आला की मान वर करतो, जणू अडथळ्यानंच उठून बाजूला व्हावं. मी क्वाएट अ‍ॅनी घेतेय. बारकी, काटकुळी, बघितली तर कोणी चारा घालणार नाही. पण उडीच्या आधी पावलं आखडून घेते आणि पलीकडे टेकली रे टेकली की पळायला लागते, कौतुकासाठी थांबत नाही. दुसरी शर्यत मोठ्या कुंपणांची. तिथे हाय चेअरला हात लावू नकोस. तो उडी मारताना डावीकडे झुकतो आणि आपलं मैदान वळतं उजवीकडे, म्हणजे प्रत्येक कुंपणाला गडी थोडाथोडा आपल्या घरी निघालेला. फादर मॅलाकी गाडी चालवतात अगदी तसं. त्यांनी त्याच्यावरच पैसे लावायचं ठरवलंय, स्वभाव जुळला असेल. मी मिलर्स डॉटर घेतेय.

मिलर्स डॉटर गेल्या महिन्यात शेवटच्या कुंपणाला पडली होती, ऐकलंस का? चारी पाय वर. घोड्याला गोळी घालायची वेळ आली की लावतात ते हिरवे पडदे भोवती लावले, घोड्यांचा डॉक्टर धावला. आणि मग पडदा हलला आणि बया उठून उभी, अंग झाडत! त्या दिवशी पहिल्या आलेल्या घोड्याला कोणी विचारलं नाही, टाळ्या सगळ्या तिला. हे मी का सांगतेय ते तुला कळलंय, डोळे फिरवू नकोस. आयुष्यभर ज्या फाटकावरून तू उड्या मारत आलास, त्याच्याच वरच्या पट्टीला पाय अडकून पडलास. खुबा मोडला, डॉक्टरांनी जोडला. पडदे निघाले. आता उठायचं असतं, जार्लथ! आणि तू? चालायला शिकवणारी ती बाई रोज वॉकर घेऊन येते आणि तू तिला रोज "उद्या" सांगतोस. गोरेटी नर्सनं सगळं सांगितलंय मला.

आणि तुझा पुतण्या एंडा. मंगळवारी माझ्या दारात येऊन टोपी चुरगाळत उभा. "काका वृद्धाश्रमाला हो म्हणालेत. सोमवारी नेऊन सोडायचंय. त्यांच्या घरात जिना, ते एकटे, मी तरी काय करू, डिलियाकाकू?" पोरगा वाईट नाही, रडवेला झाला होता. मी त्याला विचारलं, काका हो म्हणाले म्हणजे नक्की काय म्हणाले? तर म्हणतो, "म्हणाले, कुठेही टाका." याला काय हो म्हणतात? बटाट्याच्या पोत्याला विचारलं असतंस तरी तेच म्हणालं असतं, असं मी एंडाला म्हटलं. हसला बिचारा, मग नाक पुसत टार्टचे दोन तुकडे खाऊन गेला.

असो. तिसऱ्या शर्यतीत दम नाही, तेव्हा चहा पिऊन घ्यायचा. चौथी मानाची, लांब पल्ल्याची, आणि तिथे मी ओल्ड बिशपवर. हस. पेपरवाला लिहितो, "वय झालं." त्याला म्हणावं, तू उतर मैदानात आणि एक कुंपण ओलांडून दाखव. बिशपचं वय झालंय, कबूल. पण जिंकायचं कसं हे तो विसरलेला नाही, फक्त त्याला त्याची जमीन लागते. कडक असली की गुडघे धरतात, जड असली की छाती भरून येते. त्याला मधली हवी. अगं बाई, सुटलंच की तोंडातून! ओळखलंस ना? ओळखलं असशील तर गप्प बस आणि पुढे वाच.

पाचवीत राखाडी घोडा एकच आहे आणि मी तोच घेणार. कारण तुला माहितीय. माझा मॅटी जन्मभर राखाडी घोड्यावर पैसे लावत आला, घोड्याचं नावसुद्धा वाचायचा नाही, आणि जन्मभर हरला. मग गाणं म्हणत भांडी घासायचा. हरल्याचा इतका आनंद झालेला नवरा मी दुसऱ्या कोणाचा बघितला नाही. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. आणि तो गेल्यावर हरायला कोण लागलं? तू! टाचेनं जमीन ओळखणारा माणूस, आणि निवडायचास असे घोडे की ज्यांना सुरुवातीची दोरीसुद्धा दिसत नव्हती. मला वाटलं, म्हातारा सरकला. तू हरायचास, बाह्या वर करायचास आणि एवढ्याशा चार कपबश्या तासभर घासत बसायचास. त्या बश्यांवरची फुलं पुसट झाली रे! माझ्या सासूच्या बश्या त्या. गेल्या वर्षीही हरलास, पण भांडी घासायला आलाच नाहीस. तेव्हापासून दर गुरुवारचा चहा बंद, तू आणून द्यायचास ती अंडीही एंडाच्या हाती. मला वाटलं, आंबट रुबार्बच्या टार्टमध्ये साखर कमी पडली म्हणून रुसलास. पुढचे दोन महिने मी टार्टमध्ये इतकी साखर घालत होते की फादर मॅलाकींचा दात गेला.

सहावी शर्यत सपाट, उड्या नाहीत, आणि तिच्यात पळणार तुझीच घोडी, पहिल्यांदाच. थर्सडे टी. गुरुवारचा चहा! घोडीला कोणी असं नाव ठेवतं? मी तेव्हा विचारलं होतं, तर म्हणालास, "गुरुवारी जन्मली म्हणून." मंगळवारी एंडाकडून कळलं, ती जन्मली सोमवारी पहाटे. थापाड्या! काल तिला सराव करताना बघितली. मान लांब, पाऊल मोठं, आणि शेजारच्या घोड्याला पुढे जाऊ देत नाही, डोळा वटारते त्याच्यावर. माझे सगळे पैसे तिच्यावर. पण शर्यतीआधी घोडे रिंगणात फिरतात तेव्हा बाकीच्यांचे मालक हॅट घालून मिरवत उभे असणार, आणि तुझी पोर एकटीच गोल गोल फिरणार, कोणाकडे बघायचं तिनं?

आता गोरेटीचं राहिलं. रविवारी मी निघाले तर ती बसथांब्यापर्यंत मागे पळत आली. "तुम्हीच त्या डिलिया ना? मग एक सांगा. ऑपरेशननंतर गुंगीत हे एकच बोलत होते, 'डिलिया म्हणाली जमीन कडक आहे, घोडा मागे घ्या.' कुठला घोडा हो? आम्ही सगळ्यांनी पेपरात शोधला." मी म्हटलं, मला काय माहीत. बसमध्ये चढले, खिडकीशी बसले, आणि मग आठवलं. गेल्या वर्षी शेवटची शर्यत संपली, आणि गाड्या लावायच्या वावरात तू माझ्यापाशी आलास. टोपी हातात. जी टोपी तू चर्चमध्येही नाइलाजानं काढतोस, ती! आणि म्हणालास, "डिलिया, जमीन कशी वाटते तुला?" सगळा उन्हाळा पावसाचा थेंब नाही, निम्म्या लोकांनी जमिनीला घाबरून शर्यतीतून घोडे मागे घेतलेले, नव्या बुटांनी माझ्या टाचा सोललेल्या. मी म्हटलं, "दगड आहे नुसता. शहाण्यानं या जमिनीवर घोडा उतरवू नये." तू "बरं" म्हणालास, टोपी घातलीस आणि गेलास. अरे मेल्या! मला वाटलं तू जमिनीचंच विचारतोयस! जगात दुसरा कोणी पुरुष बाईला असं विचारत असेल? फूल नको, गुडघ्यावर बसणं नको (तेव्हा तर खुबा धड होता तुझा), निदान माझ्याकडे बघून तरी विचारायचं. तू गवताकडे बघत होतास. मी बसमध्ये आधी खो खो हसले, समोरची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली. मग डोळ्यांचं काहीतरी झालं. आणि बघते तर बस आपलं गाव टाकून पुढच्या गावात पोचलेली. परत चालत आले, वाटभर तुला शिव्या घालत.

तर ऐक आता. हे घोडेबिडे सगळं निमित्त होतं. शनिवारी सकाळी एंडा व्हॅन घेऊन येतोय आणि व्हॅनमध्ये मी असेन. गोरेटीनं डॉक्टरांची परवानगी काढून ठेवलीय. खाटेपासून दारापर्यंत वॉकर धरून तू आपल्या पायांनी यायचंस. मी दारात उभी राहीन, टाळ्या वाजवायला. दाढी कर. सोमवारी एंडाला काय सांगायचं ते तू ठरव, मी जबरदस्ती करणारी कोण? पण माझ्याकडची खालची खोली, मॅटी शेवटी होता ती, मी झाडून पुसून ठेवलीय. जिना नाही, भिंतीला धरायला दांडी आहे, आणि खिडकीतून तुझंच कुरण दिसतं. फादर मॅलाकींनाही सांगून टाकलं, दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा बरं. म्हणाले, "डिलिया, वयाचा विचार केलात का?" मी म्हटलं, "फादर, तोच तर केलाय." त्यांचं बिस्किट चहात पडलं. आता जमीन. समुद्रापलीकडचे इंग्रज तिला "चांगली ते मऊ" म्हणतात, जसं काही दुकानात कापड दाखवतायत. आपल्याकडे तिला एकच शब्द आहे. आठवडाभर पाऊस हळूहळू मुरलाय. काल मी शेवटच्या वळणावर तुझी काठी रोवली, टाच दाबली. थोडी खाली गेली, आणि मग तिनंच पाय वर उचलून दिला. नमती आहे, जार्लथ. कुठल्या जमिनीचं विचारतोयस ते गेल्या वर्षी मला कळलं नाही, यंदा कुठली सांगतेय ते तू समजून घे. घोडा मागे घेऊ नकोस.

तुझीच (आणि हे पद्धत म्हणून लिहिलेलं नाही),
डिलिया