ओढली तरी न निघणारी तार

मंगळवार, सोलापूर. आत्ताच दिवे लागलेत.

तारेच्या टोकावर पिन दाबून बसवायची खास पकड, क्रिम्पर, नवीन आली म्हणून मी जुन्या उरलेल्या तारांपैकी एकीचा कनेक्टर सहज उघडून बघितला. आतल्या पिनेने तांब्याला धरलंच नव्हतं. वरच्या प्लास्टिकला घट्ट चावा घेतला होता, तांबं नुसतं टेकलेलं. जोड लागला तर लागला, नाही तर नाही. अशी तार कितीही ओढा, निघणार नाही. आणि मी तर ओढूनच बघायची! निघाली नाही की पक्की समजायची.

गावाकडे शेळ्यांच्या गोठ्यावरचा भोंगा मी असाच केलाय, साध्या पकडीने पिना दाबून. लांडगा आला तर वाजावा म्हणून. बसवताना वडिलांना, अण्णांनाही दाखवलं होतं, तार अशी ओढून बघायची.

तेव्हापासून अण्णा गोठ्यापाशी न झोपता घरात झोपतात. मी घाबरून लगेच फोन केला.

"अण्णा, आज तुमी गोठ्यापाशी झोपा."

"कशाला? भोंगा हाय की. परवा रात्री कुत्रं लई भुंकत हुतं, पण भोंगा गप हुता, म्हून मी उठलोच न्हाय."

उठलेच नाहीत! माझ्या भरवशावर.

मग खरं सांगून टाकलं. माझं चुकलंय, अण्णा, आत तार नीट धरलेलीच नाही. ते "थांब" म्हणाले. चपलांचा आवाज, शेळ्यांचं ओरडणं. मी फोन कानाला दाबून उभी.

"वढून बघितली गं," ते म्हणाले. "लई घट्ट हाय. झोप तू निवांत." आणि फोन ठेवला.

पुन्हा पुन्हा लावतेय, आता उचलत नाहीयेत.