मंडळाच्या नावाला कावळा शिवला, त्याची हकीकत

बडोदे, वासणा रोड
दसऱ्याचा दुसरा दिवस, २००६

तीर्थस्वरूप जयवंतदादांस,

लक्ष्मीकांताचा साष्टांग नमस्कार (डावा गुडघा वाकत नाही, तेव्हा एक अंग कमी धरावं, डॉक्टर म्हणतात दिवाळीनंतर बघू, पण कुठली दिवाळी ते सांगत नाहीत). आपला रक्तदाब खाली आला असेल आणि वहिनींनी आपल्या पानात पुन्हा मीठ वाढायला सुरुवात केली असेल अशी आशा आहे. इकडे आपली धाकटी बहीण निरुपमा ठणठणीत आहे, इतकी की मलाच जरा धास्ती वाटते. आपली भाची अवंती नवरात्रभर गरबा खेळून आता बसल्या जागी झोपते आणि उठवलं की 'हा ने, पप्पा' म्हणून कूस बदलते. सोबत लीलो चेवडो पाठवतो आहे. इंदूरची माणसं शेव-चिवड्याच्या बाबतीत दुसऱ्या गावाचं ऐकून घेत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण आपण बहीण बडोद्याला दिलीत, आता चिवड्याला नाही म्हणता येणार नाही.

पत्रास कारण, आमच्या सोयरीक मंडळाचं इंटरनेटवरचं नाव गेलं. मंडळ आपल्याला माहीत आहे, आपण दोनदा त्याच्या सभेत उपमा खाल्ला आहे. अध्यक्ष उदयसिंहराव, खजिनदार मल्हारराव, चिटणीस मी, आणि सगळं काम करणारी निरुपमा, जिला पद नाही. बडोद्यापासून ग्वाल्हेरपर्यंतच्या मराठी घरांतली लग्नाची मुलंमुली ती 'बडोदेसोयरीक डॉट कॉम'वर घालते. माहिती स्वतः टाईप करते, पत्रिका स्वतः बघते, आणि 'मुलगा निर्व्यसनी' असं कोणी लिहून पाठवलं की मुलाच्या आत्याला फोन करून खात्री करून घेते (आईला कधीच विचारत नाही, आत्यालाच विचारते, दादा, आपल्या बहिणीला माणसं कळतात). मग लग्न जमतं आणि आभाराचे पेढे अध्यक्षांच्या घरी पोचतात. अशी आमची कामाची वाटणी आहे आणि आजवर ती सुरळीत चालली होती.

आता हे जे इंटरनेटचं नाव असतं ना, ते कायमचं विकत मिळत नाही, त्याचं भाडं वेळच्या वेळी भरावं लागतं, हे आम्हां तिघा पदाधिकाऱ्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं. मल्हाररावांचा पुतण्या विहंग इथेच बडोद्यात, गोत्रीला राहायचा, तेव्हा त्याने ते घेऊन दिलं होतं. पुढे तो बंगलोरला गेला, नोकरी बदलली, लग्न केलं (मंडळाच्या बाहेर केलं, पण तो विषय नको), आणि भाडं भरण्याच्या आठवणी त्याच्या जुन्या कचेरीच्या पत्त्यावर येत राहिल्या. व्हायचं तेच झालं. एके सकाळी निरुपमाने साईट उघडली तर मुलामुलींच्या जागी रमीचे पत्ते, वजन कमी करण्याचं चूर्ण आणि एक गोरी बाई खुर्चीवर बसून हसते आहे. दुपारी ग्वाल्हेरहून एका वरपित्याचा फोन आला की पहिल्या पानावरची मुलगी पसंत आहे, फक्त पत्रिका कुठे दिसत नाही. निरुपमा त्या दिवशी जेवली नाही. मी तिला म्हटलं की दुसरं नाव घेऊ, नावात काय आहे. ती म्हणाली की चार गावांतल्या आयांनी हे नाव कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय, तुळशीचं लग्न लागलं की त्या सगळ्या एकदम उघडून बघणार, आणि तेव्हा तिथे ही बाई हसत बसलेली असणार. तेव्हापासून मीही नीट जेवलो नाही (रात्री खिचडी होती, हेही एक कारण).

अवंतीने मग आम्हाला सगळी भानगड समजावून सांगितली. नावाची मुदत संपली की ते लगेच मरत नाही, काही काळ घरघर लागते. तेवढ्यात जुन्या मालकाने पैसे भरले तर वाचतं. (मालक विहंग. त्याला त्याचा पासवर्ड आठवेना आणि त्याच्या बायकोला आम्ही कोण ते आठवेना. ती घटका अशीच गेली.) त्यानंतर ते सोडून देतात आणि जगभरच्या कंपन्या त्यावर टपून बसतात, पिंडाभोवती कावळे बसतात तसे. आपण एखाद्या कंपनीकडे आगाऊ पैसे भरून सांगून ठेवायचं की बाबा, नाव सुटलं की आमच्या वतीने तू आधी चोच मार. याला बॅकऑर्डर म्हणतात. चोच दुसऱ्याच्या कावळ्याची आधी लागली तर नाव त्याचं. मल्हाररावांना हे इतकं चटकन समजलं की मलाच आश्चर्य वाटलं, पण त्यांनी लगेच पंचांग काढलं. नाव सुटणार होतं नेमकं सर्वपित्रीच्या आसपास, आणि पितृपंधरवड्यात नवीन वस्तू घेत नाहीत. यावर उदयसिंहरावांनी निर्णय दिला की ही वस्तू नवीन नाही, आपलीच गेलेली परत येते आहे, आणि गेलेले परत यायचे ते याच पंधरवड्यात येतात. असा तोडगा दुसऱ्या कुणाला सुचला नसता, हे मी मोकळ्या मनाने कबूल करतो.

अडलं ते पुढे. ऑर्डर कुणाच्या नावावर घालायची? निरुपमा एरवी सभेत बोलत नाही, चहाच्या कपांकडे बघत बसते. त्या दिवशी ती बोलली. म्हणाली, "माझ्या नावावर घ्या. मेल मीच बघते, उत्तरं मीच देते, उद्या पुन्हा भाडं भरायची वेळ आली तर निदान मला कळेल तरी." मग मल्हारराव खाकरले आणि म्हणाले की वहिनींचं म्हणणं रास्त आहे, पण पद्धत अशी की हॉलच्या बुकिंगपासून हळदीकुंकवाच्या आमंत्रणापर्यंत पहिलं नाव अध्यक्षांचं, पहिला मान अध्यक्षांचा. उदयसिंहरावांचे आजोबा बडोद्याच्या महाराजांच्या खानगी खात्यात होते, त्या घरात मान पाण्यासारखा वाढतात, कुणी मागत नाही आणि कुणी नाही म्हणत नाही. मी चिटणीस या नात्याने ठराव लिहिला. निरुपमा चहा आणायला आत गेली आणि जाताना अवंतीलाही घेऊन गेली. चहा यायला त्या दिवशी बराच उशीर झाला.

तर ऑर्डर उदयसिंहरावांच्या नावे गेली. त्यांना ई-मेलचा पत्ता नव्हता, अवंतीने काढून दिला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेहून कंपनीची मेल आली. मी तिचा छापील कागद घेऊन त्यांच्या बंगल्यावर गेलो. मजकूर साधा होता: ऑर्डर मिळाली, हा पत्ता तुमचाच असल्याची खात्री देण्यासाठी खालच्या लिंकवर क्लिक करा, त्याशिवाय ऑर्डर चालू होणार नाही. पण सुरुवात होती 'हाय उदयसिंह'. दादा, मी त्यांचा चेहरा बघितला आणि कागदाची परत घडी घालायला लागलो. राव नाही, साहेब नाही, आडनाव नाही, आणि वर हाय. त्यांच्या आजोबांना दरबारातून कागद यायचा तर दोन ओळी नुसत्या किताबांच्या असत. दूधवाला रबारीसुद्धा फाटकाबाहेरून 'साहेब' म्हणतो. आणि ही कोण कंपनी, जिची ना ओळख ना पाळख? मी सुचवलं की हे यंत्र लिहितं, त्याला अक्कल नसते, आपण क्लिक करून मोकळं व्हावं.

"क्लिक केलं," उदयसिंहराव म्हणाले, "म्हणजे ते संबोधन मान्य केल्यासारखं होतं."

त्यांनी मला समोर बसवून इंग्रजीत पत्र सांगितलं. पहिल्या परिच्छेदात घराण्याचा इतिहास, दुसऱ्यात संबोधनाचे नियम, तिसऱ्यात सुधारित मेल पाठवल्यास क्लिकचा विचार करण्यात येईल असं आश्वासन. मंडळाच्या लेटरहेडवर टाईप करून मी ते रजिस्टर पोस्टाने अमेरिकेला धाडलं (पोस्टातल्या बाईंनी कंपनीचं नाव वाचून विचारलं, "शुं छे आ, काका, लग्ननी वात?" मी म्हटलं हो, तसंच काहीसं). पत्र मुंबईच्या पुढे गेलं असेल-नसेल, तोवर दुसरी मेल आली, 'उदयसिंह, तू विसरलास का'. मराठी करताना मी 'आपण विसरलात का' असं केलं, पण त्यांना इंग्रजी येतं. तिसऱ्या मेलमध्ये तर नावच नव्हतं. त्यात एवढंच होतं की खात्री न मिळाल्यामुळे ऑर्डर रद्द झाली आणि नाव सुटलं. सुटलं ते सुटलंच, त्याच दिवशी दुसऱ्या कुणाचा तरी कावळा शिवून गेला.

यातही एक सोय होती. भरलेले पैसे परत नाहीत, पण त्यात दुसऱ्या एखाद्या जाणाऱ्या नावावर ऑर्डर घालता येते. सभेत बराच खल झाला. शेवटी उदयसिंहराव सहज बोलल्यासारखे बोलले की मग माझ्याच नावाची घालून बघा, असल्या लोकांच्या हातात ते पडायला नको. अवंतीने तिथल्या तिथे कॉम्प्युटरवर बघितलं आणि सांगून टाकलं की काका, बॅकऑर्डरची गरजच नाही, हे नाव रिकामंच आहे, ते कुणी कधी घेतलेलंच नाही. मुलगी गुणी आहे, पण कुठे थांबावं ते तिला कळत नाही. अध्यक्ष त्या दिवशी उपमा न घेता गेले.

आता परिस्थिती अशी आहे. नाव कुणी घेतलं ते कळायला मार्ग नाही, कारण मालकाने नाव-पत्ता झाकण्याची सोय घेतली आहे. पानावर रमी नाही, गोरी बाई नाही, फक्त 'लवकरच' एवढा शब्द आहे, तोही मराठीत. मल्हारराव म्हणतात हा सुरतेच्या मंडळाचा डाव. उदयसिंहराव म्हणतात कंपनीनेच सूड उगवला, त्यांचं पत्र झोंबलं. पण खरं सांगतो दादा, परवा ते मला फाटकापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले की लक्ष्मीकांत, माझ्या हट्टापायी निरुपमाबाईंचं काम बुडालं, आता मालक म्हणेल ते करू. एवढा मोठा माणूस आणि आवाज असा खाली आलेला. मला खरंच वाईट वाटलं. सभेने ठराव केला आहे की आपण बँकेच्या कायदा खात्यात होतात, तेव्हा त्या अज्ञात मालकाशी बोलणी आपणच करावीत. येत्या रविवारी उदयसिंहरावांचा आपल्याला फोन येईल. नम्रपणे बोलतील, घाबरू नये.

वहिनींना नमस्कार. आपल्याकडे आमच्याहून लहान कुणी उरलं असल्यास त्यास आशीर्वाद. प्रकृतीस जपावं आणि चिवडा शेवेत मिसळू नये.

आपला,
लक्ष्मीकांत
(चिटणीस)

ता. क. : मालकाशी ओळख करून द्यायची राहिली. ती आपली बहीण आहे. त्या दिवशी चहाला जो उशीर झाला, तेव्हा मायलेकींनी आतल्या खोलीत बसून दुसऱ्या एका कंपनीकडे ऑर्डर घातली. कार्ड माझं. मी बाहेर अध्यक्षांच्या नावाचा ठराव लिहीत होतो, अवंतीने येऊन कानात नंबर विचारला, मी पाकीटच दिलं. हिलाही 'हाय निरुपमा' अशी मेल आली. तिने वरण उकळतं ठेवून क्लिक केलं, आणि म्हणाली की या घरात इतक्या वर्षांत इतक्या प्रेमाने कुणी हाक मारली नव्हती. मी दोन्ही बाजूंनी लढलो हे खरं आहे. बडोद्यात याला मुत्सद्दीपणा म्हणतात, निरुपमा जे म्हणते ते इथे लिहीत नाही.

ता. क. दुसरा : आता खरी विनंती. उदयसिंहरावांचा फोन आला की आपण मालकाचे वकील व्हावं. मालक कोण ते अर्थातच सांगू नये. मालक नाव वापरायला द्यायला तयार आहे, फक्त अट एकच, मंडळाचं अध्यक्षपद निरुपमाबाईंना मिळावं, असं कायद्याच्या भाषेत सांगावं. उदयसिंहरावांना 'आजीव संरक्षक' करू, त्यात मान जास्त आणि क्लिक अजिबात नाही. तुळशीच्या लग्नाआधी हे उरकलं तर साईट वेळेवर सुरू होईल. आपल्या शब्दाला ते मान देतात.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवायला निरुपमाकडे दिलं, तर तिने आधी पत्र वाचलं. वाचून हसली, मग हसायची थांबली आणि म्हणाली, "अध्यक्षपद त्यांचं त्यांनाच राहू दे, त्यांना शोभतं. दादाला लिहा, मला चिटणीस व्हायचंय. काम मी करते आणि खाली सही तुमची असते." तेव्हा दुसऱ्या ताज्या कलमातली अट खोडून ही वाचावी. दादा, आपण मालकाचे वकील झालात हे मान्य, पण मी आपल्या बहिणीचा नवरा आहे, अटीत थोडी सूट मिळते का पाहावं. हे वाक्य तिने खोडू न देता तसंच ठेवलं आहे, त्यावरून मिळणार नाही असं दिसतं.