चेंबरबाहेर राहिलेली तेलाची बाटली

आप्पा, काल मी एका परक्या माणसाचं डोकं धुतलं आणि दिवसभर त्याच्या मुलीवर जळत राहिले. सिन्नरकडचा शेतकरी. ट्रॉलीचा दांडा छातीवर आदळून बरगड्या मोडलेल्या. सकाळी चांगला बोलत होता, मग खोकल्याची उबळ आली आणि शुद्धच गेली, उजवा हात लुळा पडला. फाटलेल्या फुप्फुसातली हवा रक्तात शिरून मेंदूत अडकली होती. छातीत नळी घालून त्याला माझ्याकडे आणलं. बंद चेंबरमध्ये दाब वाढवून शुद्ध ऑक्सिजन द्यायचा, म्हणजे ते बुडबुडे आकसतात. हे माझं रोजचं काम. पण मुलीने बापाला बरं वाटावं म्हणून त्याच्या टाळूवर आवळ्याचं तेल थापलं होतं. इतक्या ऑक्सिजनमध्ये तेल भसकन पेट घेतं. मी तिच्या हातातली बाटली हिसकावली आणि शाम्पूने त्याचं डोकं धुवायला लागले.

"मॅडम, तेल नाय दिसलं तर दादा लय ओरडतील," ती बापाकडे बघत म्हणाली.

तोच वास, आप्पा, तुमच्या डोक्याला यायचा तो. सातपूरच्या कारखान्यात लोखंडी तुकडा उडून तुमच्या छातीवर बसला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. वॉर्डात तुम्ही उशीला टेकून बसलाय आणि मला म्हणताय, "तेल नाही, वेणी नाही, अशी येतात का चारचौघांत?" मी तोंड फुगवून खिडकीकडे बघतेय. मग तुमचा खोकला. दुपारपर्यंत तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, अटॅक आला. तेव्हा रक्तात शिरलेल्या हवेचं कुणाला काय सुचणार, आणि आपल्याकडे असं चेंबर तरी कुठे होतं?

तो शेतकरी मात्र चेंबरमधून बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. संध्याकाळी त्याने हात डोक्याकडे नेला, तोच उजवा हात, आणि पोरीवर खेकसला, "डोकं कोरडं ठाक केलं माझं! तेल कुठं हे?" ती रडता रडता हसली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले. इतका हेवा मला आजवर कुणाचा वाटला नव्हता. तिला आता रोज बोलणी खायला मिळणार.

तिने बाटली मागितली. मी सांगितलं, फेकून दिली. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून घरी ड्रॉवरमध्ये ठेवतेय. बाटलीही तिथेच आहे.